काचेची पाटी



आज एका पाटीविषयी बोलायचे आहे. ही पाटी दगडाची नाही, काचेची आहे. तिचे नाव टॅबलेट. टॅबलेट म्हटले की आपल्याला दवाखान्यातली गोळी आठवते. ही ती गोळी नव्हे. वहीएवढी, सपाट, काळ्या काचेची वस्तू असते. लोक तिला टॅब म्हणतात. मोबाईलची थोरली बहीण म्हणा ना. बोट लावले की ती उजळते. चित्रे दाखवते, गाणे म्हणते, अक्षर काढून दाखवते आणि मुलाला गिरवायला लावते. बोटाऐवजी वाळली काडी लावून पाहा. ती हूं की चूं करणार नाही. आपल्या अंगातून वीज वाहू शकते. म्हणून बोट टेकले की काचेखालच्या विजेत बारीकसा फरक पडतो, आणि बोट कुठे टेकले ते यंत्राला कळते. काडीतून वीज वाहत नाही. यात जादू काही नाही.

आता ही पाटी आपल्या खेड्यांत येऊ लागली आहे. विकणारे उंबऱ्यापर्यंत येतात. म्हणतात, "मावशी, तीन वर्षांच्या लेकराला घ्या. शाळेत जायच्या आत वाचायला लागेल." किंमत काही हजारांची. कुणी हप्त्याने घेतो. कुणी बचत गटातून कर्ज काढतो. कुणी दावणीची शेळी विकतो. उस्मानाबादी शेळी म्हणजे आपल्या जिल्ह्याने देशाला दिलेली चीज. जिल्ह्याचे नाव २०२३ साली धाराशिव झाले, पण शेळीचे नाव तेच राहिले. एका वेताला दोन करडे द्यायची तिची ख्याती आहे. ती विकून टॅब आणायचा, तर टॅब काय देतो हे आधी पाहायला नको का?

आम्ही जन्मभर मुलांना अक्षरे शिकवली. नव्या वस्तूचा आम्हांला राग नाही. रेडिओ आला तेव्हा लोक म्हणाले, मुले बिघडतील. दूरदर्शन आले तेव्हाही तेच म्हणाले. तेव्हा वस्तू नवी आहे म्हणून नाके मुरडू नका, आणि नवी आहे म्हणून हुरळूनही जाऊ नका. जिथे जिथे मुलांना अशा पाट्या दिल्या, तिथे काय झाले ते पाहू.

पहिली गोष्ट आपल्याच राज्यातली. रायगड जिल्ह्यात खैराट नावाची लहानशी वस्ती आहे. तिथे एका खोलीची, एका शिक्षकाची शाळा होती. २००७ साली त्या शाळेतल्या वीस-बावीस मुलांना एकेक छोटा संगणक मिळाला. हिरवा-पांढरा, लहान मुलांसाठी मुद्दाम बनवलेला. त्याचा पडदा वळवून मिटला की तोही पाटीसारखाच दिसे. अमेरिकेतल्या निकोलस नेग्रोपाँटे नावाच्या गृहस्थांची ती योजना होती. जगातल्या प्रत्येक गरीब मुलाला एक संगणक द्यायचा, बाकीचे मूल आपले आपण शिकेल, असा त्यांचा विश्वास होता. भारतात त्या योजनेचे पाऊल पहिल्यांदा पडले ते या खैराटला.

हीच योजना दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशाने फार मोठ्या प्रमाणावर घेतली. आठ लाखांवर संगणक वाटले. मग तज्ज्ञांनी ३१९ शाळांत जाऊन मुलांची परीक्षा घेतली. २०१२ साली निकाल आला. ज्या शाळांत संगणक दिले आणि ज्या शाळांत दिले नाहीत, त्यांच्या वाचनात आणि गणितात फरक दिसला नाही! मुले कोडी सोडवण्यात जराशी तरबेज झाली होती, एवढेच. वस्तू घरोघर पोचली, पण तिच्यावर काय शिकवायचे आणि कसे, याची तयारी पुरी झाली नव्हती. बैल आणले, औत आणले, पण पेरायला बियाणेच नाही, तर रान काय पिकणार?

दुसरी गोष्ट आफ्रिकेतली. टांझानिया देशात टांगा नावाचा प्रांत आहे. तिथल्या १७० खेड्यांतल्या सुमारे २७०० मुलांना टॅब दिले. त्यांतल्या बहुतेक मुलांनी शाळेची पायरी चढलेली नव्हती. दहांतल्या नऊ मुलांना एक शब्दही वाचता येत नव्हता. टॅबमध्ये धडे होते ते त्यांच्याच स्वाहिली भाषेत. इंटरनेट लागत नव्हते. चार्जिंगसाठी गावातच उन्हावर चालणारी सोय केली होती. पंधरा महिन्यांनी पुन्हा परीक्षा घेतली. एकही शब्द न येणाऱ्या मुलांची संख्या निम्म्यावर आली होती. ज्यांचे धडे सर्वांत चांगले ठरले, त्या इंग्लंडच्या वनबिलियन या संस्थेला आणि किटकिट स्कूल या मंडळींना २०१९ साली मोठे बक्षीस वाटून मिळाले.

हे कमी नाही. जिथे शाळाच नाही तिथे काचेची पाटीसुद्धा लेकराला चार अक्षरे देते, हे मानले पाहिजे. पण उरलेली निम्मी मुले पंधरा महिन्यांनंतरही एक शब्द वाचत नव्हती, हेही ध्यानात ठेवा. विकणारा पहिला अर्धा भाग सांगतो. दुसरा सांगत नाही.

आता पुन्हा घराकडे येऊ. मुंबईत १९९५ साली सुरू झालेली प्रथम ही संस्था तुमच्यातल्या काहींच्या कानावर असेल. माधव चव्हाण आणि फरीदा लांबे यांनी ती काढली. २०१५ च्या सुमारास त्यांनी महाराष्ट्र, राजस्थान आणि उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत मुलांना टॅब दिले. पण एका मुलाला एक, असे नाही. पाच-सहा मुलांच्या टोळीला मिळून एक! ही मुलेही चालती-बोलती, दहा वर्षांच्या पुढची. शाळा सुटल्यावर त्यांनी एकत्र बसायचे, एकाने बघायचे, दुसऱ्याने विचारायचे, तिसऱ्याने भांडायचे. आम्हांला ही रीत फार पटली. मूल जेवढे यंत्राकडून शिकते, त्याहून जास्त दुसऱ्या मुलाला समजावून देताना शिकते. वर्गात आम्ही हे रोज पाहिले आहे.

पण आपल्या दारात जो टॅब विकायला येतो, तो तीन-चार वर्षांच्या लेकरासाठी असतो. म्हणून त्या वयाची गोष्ट वेगळी काढून सांगतो.

जागतिक आरोग्य संघटनेने एप्रिल २०१९ मध्ये सांगितले, एक वर्षाच्या आतल्या बाळाला पडदा दाखवूच नये. दोन वर्षांपर्यंतही बसून पडदा बघणे बरे नाही. दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसभरात एक तासापेक्षा जास्त नको, आणि त्याहून कमी असेल तर उत्तमच. आपल्या देशातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचाही सल्ला असाच आहे. पडदा म्हणजे टॅब, मोबाईल, टीव्ही सगळे मिळून, बरं का. शिकायचा पडदा निराळा आणि करमणुकीचा निराळा, असे डोळ्याला कळत नाही.

याचे कारण काय? लहान लेकरू भाषा शिकते ते उलट बोलण्याने. ते "माऊ" म्हणते. आई म्हणते, "हो रे, माऊ आली. दूध प्यायली का माऊ?" ते मान हलवते. आई हसते. यातून शब्द पक्का होतो. टॅब बोलतो खूप. पण लेकराच्या तोंडाकडे पाहून त्याला ओळखता येत नाही, की हे दमले, हे चुकले, याला भूक लागली. आणखी एक. काचेवर बोट घसरते. तिथे अक्षर गिरवले तरी हाताला पेन्सिल धरायची सवय होत नाही. आम्ही मुलांना आधी धुळीत बोटाने, मग पाटीवर, मग कागदावर अक्षर काढायला लावीत असू. त्यात बोटांत जोर येतो. ज्वारी निवडणे, शेंगा फोडणे, मातीचे बैल करणे, यांतही तोच जोर येतो. अंगणवाडीतही अशी हाताची कामे करून घेतात. त्यांना पैसे पडत नाहीत, म्हणून आपण त्यांना शिक्षण समजत नाही!

तरीही कुणी टॅब घेतलाच, किंवा शाळेला कुणी दान दिलाच, तर आमचे म्हणणे एवढेच, लेकराला पाटी देऊन तुम्ही उठून जाऊ नका. शेजारी बसा. चित्रात शेळी आली तर विचारा, "आपल्या शेळीचा रंग कोणता?" 'क' आला तर म्हणा, "हे अक्षर तुझ्या आजीच्या नावात आहे का?" तुम्ही म्हणाल, "गुरुजी, आम्हीच आत्ता अक्षरे शिकलो, आम्ही काय शिकवणार?" अहो, तीच तर सोय आहे. बाराखडी तुमची ताजी आहे. 'ध' आणि 'घ' मध्ये तुम्ही परवा-परवा अडखळलात. लेकरू कुठे अडखळते ते तुम्हांला पदवीधरापेक्षा लवकर कळेल.

आता पैशाचे बोलू. इथेच माणसे फसतात. विकणारा टॅब हातात देतो आणि एका कागदावर सही मागतो. म्हणतो, "नुसती पोच आहे." तो कागद कधी कधी कर्जाचा असतो. दरमहा बँकेच्या खात्यातून हप्ता आपोआप कापला जातो. पुढे टॅब बंद पडला तरी हप्ता बंद पडत नाही. आमच्या ओळखीच्या एका घरी असेच झाले. काच फुटली दिवाळीला, हप्ते चालले पुढच्या पोळ्यापर्यंत. केंद्र सरकारच्या शिक्षण खात्याने डिसेंबर २०२१ मध्ये आईबापांना याबद्दल सावध केले आहे: आपोआप पैसे कापण्याला मान्यता देऊ नका, अटी वाचा, आपल्याला न कळत कर्ज तर होत नाही ना ते पाहा.

पूर्वी तुम्ही अंगठा उठवत होता. आता वाचता येते. तेव्हा कागद हातात घ्या आणि सावकाश वाचा. 'कर्ज', 'हप्ता', 'व्याज' यांतला एखादा शब्द दिसला की थांबा. कागद इंग्रजीत असेल तर म्हणा, "मराठीत आणा, मग सही." विचारा, धडे मराठीत आहेत का? इंटरनेट नसताना चालतात का? पुढच्या वर्षी पुन्हा पैसे भरावे लागतात का? बिघडला तर दुरुस्ती कुठे, कळंबला की थेट पुण्याला? विकणारा घाई करू लागला तर त्याला चहा द्या आणि वाटे लावा.

आणि जे विकत मिळते त्यातले पुष्कळ फुकट आहे, हे कुणी सांगत नाही. परांड्याहून कुर्डुवाडीकडे गेले की माढा तालुका लागतो. त्या तालुक्यात परितेवाडी नावाचे गाव आहे. तिथल्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले नावाचे शिक्षक २००९ साली रुजू झाले. त्यांनी पाठ्यपुस्तकाच्या पानांवर ठिपक्यांचे काळे चौकोन छापून घेतले. त्यांना क्यूआर कोड म्हणतात. मोबाईलचा कॅमेरा त्या चौकोनावर धरला की त्या धड्याचे गाणे किंवा चित्र मोबाईलवर उघडते. २०१७ साली राज्य सरकारने ही कल्पना उचलली. डिसले गुरुजींना डिसेंबर २०२० मध्ये दहा लाख डॉलरचे जागतिक पारितोषिक मिळाले. त्यातली निम्मी रक्कम त्यांनी शेवटच्या फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली.

म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेत जे पुस्तक फुकट मिळते, त्याच्या पानावरच वाट आहे. सरकारच्या दीक्षा ॲपवरचे धडेही फुकट आहेत. भूम, परांडा, वाशी, कळंब इकडची किती तरी घरे दिवाळीच्या पुढेमागे ऊसतोडीला जातात. कोपीवर रात्री बाप दमून पडतो, आई भाकरी थापते. पण घरात मोबाईल एक असतो. लेकराचे पुस्तक बिऱ्हाडात बांधून नेले, तर आठवड्यातून दोन-तीन वेळा अर्धा तास तो चौकोन उघडता येईल. त्याने शाळा बुडाल्याची भरपाई होणार नाही. मूल मागे ठेवण्याची सोय होत असेल तर तेच बरे. पण परत आल्यावर पोर अगदी कोरे राहू नये, एवढा आधार होतो.

पुढच्या बैठकीला पहिलीचे मराठीचे एक पुस्तक घेऊन या, आणि ज्यांच्याकडे कॅमेऱ्याचा मोबाईल आहे त्यांनी तो आणा. चौकोन कसा उघडतात ते दोघीतिघींच्या हातून करवून घेऊ. ज्यांनी टॅब हप्त्याने घेतला असेल त्यांनी त्याचा कागदही आणावा. आपण पाळीपाळीने तो मोठ्याने वाचू. अक्षर बारीक असते, तेव्हा चष्मा विसरू नका.