जुन्या प्रणालीचे बिऱ्हाड

बिऱ्हाड हलवायचे म्हटले की घरच्या माणसांना आधी आनंद होतो आणि मग धडकी भरते. नवी जागा ऐसपैस असते, हवेशीर असते; पण हलवण्याच्या दिवशी माळ्यावरून काय काय खाली येईल याचा नेम नसतो. आज मी ज्या बिऱ्हाडाविषयी बोलणार आहे ते भांड्याकुंड्यांचे नाही, एका संगणकप्रणालीचे आहे. मी मराठीचा प्राध्यापक. माझी एम. ए. ची पदवी या कामात फारशी उपयोगी पडण्यासारखी नाही. तेव्हा तज्ज्ञ म्हणून नव्हे, तर अशा हलवाहलवीच्या समितीवर बसून काही चुका जवळून पाहिलेला माणूस म्हणून मी आपल्याशी बोलतो आहे.

भिवंडीतल्या ज्या महाविद्यालयात मी शिकवतो, तेथे प्रवेश, फी आणि दाखले यांचे सारे काम पंधरा-सोळा वर्षे एकाच वेब-प्रणालीवर चालत होते. ती जावा या भाषेत लिहिलेली होती. सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकन कंपनीने जावा १९९५ साली जगापुढे आणली. एकदा लिहावे आणि कोणत्याही संगणकावर चालवावे, हे तिचे ब्रीद. त्यामुळे बँका, विमा कंपन्या, सरकारी कार्यालये यांनी तिला मोठा आश्रय दिला. आमच्या प्रणालीचा सांगाडा ‘स्ट्रट्स’ नावाचा होता. त्या वेळी तो घरोघरी असे म्हटले तरी चालेल. बिचारीने इतकी वर्षे मुकाट्याने काम केले. मग तिला हलवायचे कशाला?

प्रश्न रास्त आहे. प्रोग्राम हा काही लाकूड नव्हे की त्याला वाळवी लागावी. परंतु तो एकटा उभा नसतो. त्याच्या खाली जावाची एक विशिष्ट आवृत्ती असते, सर्व्हर असतो, डेटाबेस असतो, इतरांनी लिहिलेल्या पंचवीस-तीस लायब्ररी असतात. आणि वर पाहणाऱ्याच्या हातात ब्राउझर असतो. प्रोग्राम बदलत नाही, पण हे शेजारी बदलतात. स्ट्रट्सच्या पहिल्या पिढीची देखभाल २०१३ साली थांबली. जावाच्या अकराव्या आवृत्तीतून, म्हणजे २०१८ साली, पूर्वी आयते मिळणारे काही भाग काढून टाकण्यात आले. उद्योगधंद्यांसाठी असलेली जावा २०१७ पासून एक्लिप्स फाउंडेशनकडे सोपवण्यात आली आणि २०२० साली तिच्यातली ‘जावाएक्स’ ही आद्याक्षरे जाऊन ‘जकार्ता’ आली. एवढ्या नामांतरापायी जुन्या प्रोग्रामच्या शेकडो फायलींत ओळी बदलाव्या लागतात. आमची काही पाने तर फक्त इंटरनेट एक्स्प्लोररमध्येच नीट उघडत, आणि तो जून २०२२ मध्ये निवृत्त झाला.

याहून मोठे कारण सुरक्षिततेचे. २०१७ साली अमेरिकेतील इक्विफॅक्स या कंपनीकडून सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची खासगी माहिती चोरीस गेली. चोर शिरले ते स्ट्रट्सच्याच दुसऱ्या पिढीतल्या एका भोकातून. ते बुजवण्याचे साधन काही आठवडे आधी उपलब्ध झाले होते. बुजवायचे राहिले होते. देखभाल थांबलेल्या प्रणालीला तर असे साधनही कोणी देत नाही. आमच्याकडे हजारो मुलामुलींचे पत्ते, जन्मतारखा, जातीचे दाखले आहेत. तेव्हा हलणे भागच होते.

आता तुम्ही म्हणाल, मग नवी प्रणाली विकत घ्यावी, एका सुट्टीत सारी माहिती तिच्यात ओतावी आणि जुनी बंद करावी. आमच्या समितीतही हेच मत प्रबळ होते. ब्रिटनमधील टीएसबी या बँकेने एप्रिल २०१८ मध्ये जवळजवळ असेच केले. सुमारे ५२ लाख ग्राहकांची खाती तिने एका शनिवार-रविवारी नव्या यंत्रणेवर नेली. माहिती पोचली, परंतु यंत्रणा कोलमडली; सुमारे १९ लाख लोकांना आपल्याच खात्यापर्यंत जाता येईना. सारे सुरळीत व्हायला महिने लागले, आणि डिसेंबर २०२२ मध्ये बँकेला ४ कोटी ८६ लाख पौंडांहून अधिक दंड झाला. बँकेकडे पैसा नव्हता की माणसे नव्हती? दोन्ही होती. म्हणून हे उदाहरण ध्यानात ठेवावे.

आमचे थोडक्यात निभावले, कारण आधी एक चाचणी घेतली होती. जुनी माहिती नव्या प्रणालीत ओतून पाहिली, तेव्हा दोन गोष्टी माळ्यावरून खाली आल्या.

पहिली अक्षरांची. मराठी नावे जुन्या फाँटच्या पद्धतीने साठवलेली होती. त्या पद्धतीत देवनागरी अक्षराचे चित्र इंग्रजी अक्षराच्या क्रमांकावर बसवलेले असे. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ साली आली आणि तिने देवनागरीला स्वतःचे क्रमांक दिले. पण आमची जुनी नावे जुन्याच क्रमांकांवर राहिली. नव्या पडद्यावर ती इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा होऊन आली. यावर उपाय होता, रूपांतराचे तक्ते होते. फक्त जोडाक्षरे आणि रफार डोळ्यांनी तपासावे लागले. तेवढ्यापुरती माझी पदवी कामास आली.

दुसरी गोष्ट एका टिंबाची. शे-दीडशे विद्यार्थ्यांची नोंद नव्या प्रणालीने घेतलीच नाही; आडनाव आवश्यक आहे, असा तिचा हट्ट. जुन्या प्रणालीत या मुलांच्या आडनावाच्या जागी नुसते एक टिंब होते, आणि दाखला छापताना ते टिंब गाळावे अशी एक ओळ प्रोग्राममध्ये होती. का, ते कोठेही लिहिलेले नव्हते. आमच्या तरुण प्रोग्रामरला ती जुनी चूक वाटली. त्याने सुचवले, “सर, टिंबाऐवजी वडिलांचे नाव टाकू या. एका मिनिटाचे काम आहे.”

सुदैवाने कुणाला तरी निवृत्त मुख्य लिपिकांना बोलवावेसे वाटले. ते आले, यादी पाहिली आणि म्हणाले, “अहो, चूक कसली! ते टिंब मीच टाकायला लावले होते.” भिवंडी हे मागांचे गाव. येथे उत्तर प्रदेशातून आलेली विणकर कुटुंबे आहेत, तेलंगणातून आलेली पद्मशाली कुटुंबे आहेत. कुणाचे घराण्याचे नाव आधी येते, कुणाला आडनावच नसते. पूर्वी कार्यालय अशा वेळी वडिलांचे नाव आडनाव म्हणून छापून मोकळे होई. एका मुलीच्या दाखल्यावर असेच छापले गेले, तिच्या इतर कागदांशी ते जुळेना, आणि पासपोर्टसाठी तिला काही महिने हेलपाटे घालावे लागले. त्या हेलपाट्यांतून ते टिंब जन्माला आले होते. आम्ही एका मिनिटात शे-दीडशे मुलांना त्याच वाटेला लावणार होतो.

मला या प्रकरणातून जे उमगले ते हे. जुनी प्रणाली म्हणजे नुसती जुनी यंत्रणा नव्हे. संस्थेने वर्षानुवर्षे घेतलेले निर्णय तिच्यात मुरलेले असतात, आणि पुष्कळदा ते दुसरीकडे कोठेही लिहिलेले नसतात. ती फेकली की ते निर्णयही जातात.

मग हलवावे कसे? याचे उत्तर आमच्या गावातल्या कोणत्याही यंत्रमागावर पाहायला मिळते. बीमवरचे सूत संपत आले की कारागीर जुना ताणा उपसून काढत नाही. जुने धागे फणीत तसेच राहू देतो आणि नव्या बीमचा एकेक धागा जुन्या बीमच्या एकेका टोकाला गाठ मारून जोडतो. असे धागे हजारोंनी असतात. मग ताणा हळूच पुढे ओढून घेतो, आणि जुन्याच्या वाटेने नवा ताणा फणीतून पार होतो. एखादी गाठ चुकली तर तो दोष कापडात लांबवर दिसत राहतो. म्हणून घाई नाही.

आम्हीही तसेच केले. प्रथम जुनी प्रणाली काय काय करते याची यादी केली. तिने छापलेले काही हजार दाखले आणि पावत्या नमुना म्हणून घेतल्या आणि नवीनेही अगदी तेच छापले पाहिजे, अशी कसोटी ठेवली. जावाची आवृत्ती, सांगाडा आणि डेटाबेस एकदम बदलले नाहीत. एक बदलायचे, कसोटी लावायची, मग दुसरे. दारात एक द्वारपाल बसवला: फीची विनंती आली तर नव्या प्रणालीकडे, दाखल्याची आली तर अजून जुनीकडे. प्रवेशाचा एक पूर्ण हंगाम दोन्ही शेजारी शेजारी चालवल्या आणि रोज संध्याकाळी हिशेब ताडून पाहिला. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, तेव्हाही आणे आणि नवे पैसे काही वर्षे बरोबरच चालले होते. एका आण्याचे सव्वासहा पैसे होत, आणि सांभाळायचा होता तो सव्वाच. काही बिघडलेच तर मागे फिरण्याची वाट शेवटपर्यंत उघडी ठेवली. जुनी बंद केली तीही माहितीची प्रत जपून ठेवून.

यात वेळ गेला, पैसाही जरा जास्त गेला, हे कबूल केले पाहिजे. पण त्या हंगामात एकही विद्यार्थी नव्या प्रणालीपायी खिडकीवरून परत गेला नाही.

तुमच्या पतपेढीत, शाळेत, पेढीवर अशी एखादी जुनी प्रणाली असेलच. ती हलवण्याची वेळ आज ना उद्या येईल. तेव्हा आधी जुन्या माणसांना बोलवा, चहा द्या आणि प्रत्येक विचित्र ओळीपाशी थांबून विचारा: हे असे का आहे? आणि उत्तर मिळाले की लिहून ठेवा. आमच्या नव्या प्रणालीत आता टिंब नाही. त्या जागी ‘आडनाव नाही’ असा एक चौकोन आहे आणि त्याच्या शेजारी, प्रोग्रामच्या आत, चार ओळींत त्याचे कारण लिहिले आहे. पुढच्या वेळी बिऱ्हाड हलवणाऱ्याला निवृत्त लिपिकांचे घर शोधावे लागू नये, एवढ्यासाठी.