आधी नाणेघाट, मग पिरॅमिड
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



भाषण करण्याची मला सवय नाही. हळदीकुंकवाला चार शब्द बोलते, तेवढेच माझे वक्तृत्व. परंतु गेली दोन वर्षे आपण नऊजणी दर महिन्याला थोडे थोडे पैसे बाजूला टाकून इजिप्तच्या प्रवासाचा बेत करीत आहोत, आणि त्याची चर्चा शहापूरच्या बाजारापासून मुरबाडच्या एस.टी. स्टँडपर्यंत चालली आहे. तेव्हा तयारी कुठवर आली ते सर्वांना सांगावे, असे अध्यक्षबाईंनी सुचविले म्हणून उभी राहिले आहे.

पहिला प्रश्न शेजारणींचा. "काशी नाही, रामेश्वर नाही, अन् वाळवंटात जाऊन कुणाची थडगी पाहायची?" प्रश्न रास्त आहे. गिझाचा मोठा पिरॅमिड हे खूफू राजाचे थडगेच आहे. ते साडेचार हजार वर्षांपूर्वीचे असून मुळात १४६ मीटर उंच होते, आणि त्याला सुमारे २३ लाख दगड लागले. परंतु माझे मन तिकडे ओढले ते राजामुळे नव्हे. पिरॅमिडजवळच १९९० पासून कामगारांची थडगी उजेडात आली, त्यांच्या वसाहतीत पाव भाजण्याच्या जागा सापडल्या. राबणारे गुलाम नव्हते, त्यांना पोटभर अन्न मिळत होते, असे आता अभ्यासक सांगतात. इतक्या माणसांना रोज जेवायला कोण घालीत होते, हा प्रश्न आपल्यासारखीला दगडांच्या आधी सुचतो. तेव्हा आपण तेथे काय पाहणार, याची काळजी कोणी करू नये.

दुसरी गोष्ट कागदपत्रांची. पासपोर्टची मुदत परत येण्याच्या वेळीही पुरेशी शिल्लक हवी. ती निदान सहा महिने असावी, आणि व्हिसा आधीच काढून ठेवावा. हे सांगायला सोपे आहे. माझी मात्र भलतीच अडचण झाली. शाळेच्या दाखल्यावर माझे माहेरचे नाव. लग्नात तांदळाच्या ताटात सोन्याच्या अंगठीने लिहिलेले सासरचे नाव रेशनकार्डावर. आणि आधारकार्डावर दोहोंची खिचडी! कागदावर तीन बायका, आणि त्या तिघी एकच आहेत हे मला सिद्ध करायचे. चार हेलपाटे घातले, प्रतिज्ञापत्र केले, गावातल्या शाळेतून दाखला पुन्हा काढून आणला. तो हातात आला तेव्हा चाळीस वर्षांत कोणी हाक न मारलेले ते नाव वाचून मी तेथेच बाकावर बसले. घरी कोणाला सांगितले नाही. आज सांगते आहे.

म्हणूनच त्या देशातले एक ठिकाण मला पिरॅमिडहूनही जास्त पाहायचे आहे. लक्सर शहरासमोर, नाईल नदीच्या पलीकडे, डोंगराच्या पोटाशी हत्शेपसुत राणीचे तीन मजली देवालय आहे. ही बाई साडेतीन हजार वर्षांपूर्वी स्वतः राजा म्हणून गादीवर बसली. तिच्या पश्चात पुष्कळ ठिकाणी तिचे नाव छिन्नीने खरवडून काढले गेले. तरी काही जागी ते उरले, आणि आज आपण ते उच्चारतो.

आता मुख्य मुद्दा. अशी राणी पाहायला इतके दूर जाण्याआधी आपल्या दारची राणी आपण पाहिली आहे काय? मुरबाडहून टोकावडे, वैशाखरे आणि वर नाणेघाट. घाटाच्या माथ्याशी कोरलेल्या लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी लिपीतला मोठा लेख आहे. तो सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा. यज्ञ कोणते केले, गाई, घोडे, हत्ती, नाणी किती दान दिली, त्याचा हिशेब त्यात आकड्यांनिशी लिहिला आहे. भिंतीवर घराण्यातल्या माणसांचे पुतळे होते. ते फुटून गेले, मात्र वरची नावे राहिली. त्यात राणी आणि राजा यांचे नाव एकत्र कोरले आहे, आणि राणीचे आधी, राजाचे नंतर!

या घाटाचा आणि इजिप्तच्या वाळवंटाचा संबंध तरी काय, असे कोणी विचारील. देशावरचा माल बैलांच्या पाठीवरून या घाटाने उतरे आणि कल्याणच्या बंदरात जाई. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक दर्यावर्दी पुस्तकात कल्याणचे नाव आहे. इकडच्या किनाऱ्यावरून निघालेली गलबते तांबड्या समुद्रात शिरून बेरेनिके बंदराला लागत. तेथून उंटांचे तांडे, उन्हामुळे बराचसा प्रवास रात्रीच करीत, बारा दिवसांनी नाईलकाठी पोचत. बेरेनिकेच्या उत्खननात हिंदुस्थानी मिरी सापडली, सागवान सापडले आणि २०२२ मध्ये बुद्धाची मूर्तीही सापडली. तेव्हा आपण काही परक्या वाटेने निघालेलो नाही. त्या वाटेचे एक टोक आपल्या तालुक्यात आहे.

म्हणून माझी सूचना अशी. दिवाळीनंतर, वाट कोरडी झाली की, आपण नाणेघाटची सहल करावी. ती आपल्या पायांची परीक्षा होईल. मोठ्या पिरॅमिडच्या आत वाकून, अरुंद वाटेने चढावे लागते. घाट चढताना ज्यांना धाप लागेल त्यांनी तेथे बाहेरूनच दर्शन घ्यावे, त्यात कमीपणा नाही. आपल्यापैकी तिघींचे गुडघे दुखतात. त्यांनी माळशेज घाटाने जुन्नरच्या बाजूला जावे, घाटघरमार्गे गाडी थेट वर जाते. आपण पायऱ्यांनी चढू, त्या गाडीने येतील, आणि राणीच्या लेण्यापाशी सगळ्याजणी एकत्र डबे सोडू.

इजिप्तला जायचे ते नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या दरम्यान. उन्हाळ्यात लक्सरला आपल्या वैशाखाहून कडक ऊन असते. थंडीत रात्री गारठा पडतो, म्हणून शाल हवीच. नवे मोठे संग्रहालय २०२५ च्या नोव्हेंबरात पूर्ण खुले झाले आहे. त्याला एक अख्खा दिवस ठेवला आहे.

आपल्यातल्या एकीला घरून अजून होकार नाही. तिचे पैसे परत घ्यावेत असे तिला सांगण्यात आले आहे. भगिनींनो, तिचे पैसे मी परत केलेले नाहीत, जमाखर्चात तसेच ठेवले आहेत. तिने निदान नाणेघाटला यावे. पुढचे पुढे पाहू.

सभा संपल्यावर दाराशी वही ठेवली आहे. सहलीला येणाऱ्यांनी तीत नाव लिहावे. "पाटीलकाकू", "जोशीवहिनी" असे लिहू नये. ज्या नावाने पासपोर्ट निघेल ते पूर्ण नाव, स्वतःच्या हाताने लिहावे. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे मी लिहीन, पण नाव त्यांनी स्वतः उच्चारून सांगावे.