यंत्राची रोजकीर्द
(कलशारोहण प्रसंगी केलेल्या भाषणाचा सारांश)



आज कळस चढला. या आनंदाच्या प्रसंगी मी एका साध्या वहीविषयी बोलणार आहे, त्याबद्दल क्षमा असावी. माझे आयुष्य बांधकामावर देखरेख करण्यात गेले. तेव्हा जे ठाऊक आहे तेच सांगतो.

आपल्याकडे हिशेबाची परंपरा जुनी आहे. पेशवाईत रोजचा जमाखर्च रोजकीर्दीत लिहिला जाई. 1972 च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेल्या वडीलधाऱ्यांना हजेरीपट आठवत असेल. त्यावर नाव नसले तर घाम गाळूनही मजुरी मिळत नसे. माणसाची हजेरी घ्यायला आपण शिकलो. यंत्राची मात्र विसरलो. पूर्वी देवळासाठी चुन्याची घाणी बैल ओढीत, आणि बैल दमलेला डोळ्यांना दिसे. इंजिन किती चालले हे लिहिल्यावाचून कळत नाही.

याची किंमत मी एकदा पाहिली आहे. फार वर्षांपूर्वी एका फरशीपुलाच्या कामावर पायातले पाणी उपसायला डिझेल इंजिन होते. ते चालवायला आपल्या सुरगाण्याच्या बाजूचा एक पोरगा होता. महिनाअखेर डिझेल कमी भरले. वहीत फक्त दिवसाचे तास होते. संशय पोरावर गेला, त्याला कामावरून काढले, आणि त्या कागदावर माझीही सही होती. पंधरा दिवसांनी रखवालदार सहज म्हणाला, "साहेब, झरा फुटला तेव्हा चार रात्री इंजिन पहाटेपर्यंत चालू होतं की!" त्या रात्रीचे तास कोणीच लिहिले नव्हते. तोवर पोरगा द्राक्षबागांच्या मजुरीला निघून गेला होता. मी दिंडोरी, निफाडकडे चौकशी केली. तो भेटला नाही. चोरी झालीच नव्हती, चोर मात्र आम्ही ठरवला होता.

म्हणून या मंदिराचे काम निघाले तेव्हा मी समितीकडे एकच मागणे मागितले : यंत्राची वही रोज संध्याकाळी, कामावरच भरायची. रकाने थोडे ठेवले. तारीख, यंत्राचे नाव, सुरू व बंद केल्याची वेळ, मीटरचा आकडा, भरलेले डिझेल, झालेले काम, आणि यंत्र उभे राहिले असल्यास त्याचे कारण. खाली चालकाची आणि समितीच्या एका सभासदाची सही. गावातल्या शाळकरी मुलांनी ही वही आळीपाळीने लिहिली.

तिचा उपयोग ऐका. मिक्सरमध्ये एका वेळी सिमेंटची एक गोणी पडत होती. मिक्सर जितक्या वेळा भरला तितक्या रिकाम्या गोण्या निघाल्या पाहिजेत; रोज मोजल्या, रोज जुळल्या. एकदा नाशिकहून वणीमार्गे येणारी वाळू अडकली आणि मिक्सर दोन दिवस उभा राहिला. भाडे दिवसाचे असल्याने यंत्र चालो वा न चालो, पैसे चढतच होते. वहीत कारण लिहिलेले होते, म्हणून मालकाशी वाद न होता निम्म्या भाड्यावर तडजोड झाली. पुढे वाळू येऊन पडल्याशिवाय मिक्सर बोलावला नाही.

स्लॅबच्या आदल्या दिवशी वही चाळताना दिसले की व्हायब्रेटर आठवड्यात तीनदा बंद पडला होता. आम्ही दुसरा आणून ठेवला. ऐन वेळी पहिला बंद पडलाच! ओला माल फार वेळ थांबत नाही. खंड पडला असता तर तिथे सांधा राहून आपल्या भागातल्या पावसात गाभाऱ्यात पाणी टपकले असते.

आता नव्या यंत्रांची माहिती उपग्रहामार्फत मोबाइलवर येते. चांगले आहे. पण यंत्र का उभे राहिले, हे अजून माणसालाच लिहावे लागते.

देणगीदारहो, आपल्यात कोणी हजार दिले, कोणी भाताची पायली दिली, कोणी चार दिवस घमेली उचलली. त्या प्रत्येकाचा हिशेब त्या वहीत आहे. ती मंदिरात ठेवली आहे. कोणीही उघडून पाहावी. ती समितीवर अविश्वास म्हणून लिहिली नाही. गावात पुन्हा कोणा निरपराध पोरावर बोट उठू नये, यासाठी लिहिली आहे.