नावाआधी काय लावायचं?

संध्याकाळची वेळ आहे, कुणाचे हात पिठात असतील, कुणी शेंगा फोडत बसल्या असाल. काम थांबवू नका, हात चालू राहू द्या आणि कान इकडे द्या. संक्रांत तोंडावर आली आहे. गावोगावच्या गटांत हळदीकुंकवाच्या पत्रिका छापायला निघाल्या असतील. म्हणून आज त्या पत्रिकेतल्या एका बारीक गोष्टीबद्दल बोलायचं आहे. बाईच्या नावाआधी आपण जे अक्षर लावतो, त्याबद्दल.

तीन वर्षांपूर्वी आमच्या ग्रामसंघाने महिला मेळावा आणि हळदीकुंकू ठेवलं होतं. नावांची यादी आम्हीच केली, छापखान्यात आम्हीच दिली. अध्यक्षा सौ. अमुक, कोषाध्यक्षा सौ. तमुक. आमच्या सचिव ताईंचे मालक दोन वर्षांपूर्वी वारले होते. त्यांच्या नावाआधी आम्ही ‘गं. भा.’ घातलं. मान म्हणूनच घातलं, खोटं सांगत नाही. आणि शेवटी ओळ होती, ‘तरी समस्त सुवासिनींनी अगत्य येण्याचे करावे.’ म्हणजे वर निमंत्रक म्हणून ताईंचं नाव आणि खाली त्यांनाच यायची बंदी! आमच्यापैकी एकीच्याही हे ध्यानात आलं नाही.

ताई मेळाव्याला आल्या नाहीत. पुढच्या मंगळवारी बैठकीलाही आल्या नाहीत. बँकेच्या कागदावर त्यांची सही लागत होती, म्हणून आम्ही चौघी घरी गेलो. अंगणात तूर झोडत होत्या. आत जाऊन पत्रिका घेऊन आल्या, आमच्यापुढे धरली आणि म्हणाल्या, “मेळाव्याला बोलावलंत का दहाव्याला?”

आमच्यापाशी उत्तर नव्हतं. त्यांनी चहा केला, सही दिली आणि इतिवृत्ताची वही आमच्या हातात ठेवली. सहा वर्षं लिहिलेली वही. “आता लिहायला एखादी सुवासिनी बघा,” एवढंच बोलल्या.

त्या रात्री आम्ही वही चाळली. कुठे सौ., कुठे गं. भा., कुठे कु., आणि एका नावाआधी काहीच नाही, कारण तिला नवऱ्याने सोडलेलं, तर काय लिहावं हे कुणाला सुचलं नसणार. दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीत गेलो तर भिंतीवर पुरुष सदस्यांची नावं. सगळे श्री. त्यातल्या एकाची बायको वारली आहे, एकाने पहिलीला माहेरी धाडून दुसरी केली आहे, एकाचं लग्नच व्हायचं आहे. नावाआधी मात्र तेच श्री. कुणाचं घर कसं चाललंय याचा पत्ता त्या अक्षरावरून लागत नाही. आपल्या नावाआधीचं अक्षर मात्र नवऱ्याची हजेरी लावतं.

गंगाभागीरथी हा शब्द कानाला पवित्र वाटतो. पण पवित्र म्हणजे बाजूला बसवलेली, तिला हसायची, सजायची सोय नाही. एप्रिल २०२३ मध्ये राज्याच्या महिला व बालविकास मंत्र्यांनीच विधवा शब्दाऐवजी ‘गंगा भागीरथी’ वापरावा, असं सुचवलं होतं. त्यावर बायांच्या संघटनांनी बरीच टीका केली. मग हा निर्णय नाही, नुसता चर्चेचा प्रस्ताव आहे, असा खुलासा आला. बायकोच्या मागे राहिलेल्या पुरुषाला कुठल्या नदीचं नाव द्यावं, हे मात्र कुणी सुचवल्याचं आम्ही ऐकलं नाही.

आम्ही ठराव करायचं ठरवलं. आधी वाटलं, सगळ्यांनाच श्रीमती लावू. तर गट पेटला. आपल्याकडे श्रीमती म्हटलं की नवरा नसलेली, असंच बऱ्याच जणी समजतात. एक आजी काठी आपटून म्हणाल्या, “माझा म्हातारा जिता हाय, मला श्रीमती लावाल तर बचत काढून घेईन.” आजींना हसू नका. ‘सौ.’ हा त्यांना आयुष्यात मिळालेला एकच किताब आहे, तो कुणी काढून घेतंय असं वाटलं तर जीव तुटणारच. शेवटी ठरलं ते असं : घरात, लग्नात ज्याने त्याने हवं ते लावावं, गटाच्या वहीत, पासबुकावर आणि पत्रिकेवर नुसतं नाव. सगळ्यांचं सारखं. आजींनी तीन बैठका तोंड फिरवलं, चौथ्या बैठकीला अंगठा दिला.

ठराव लिहायला चांगलं अक्षर कुणाचं? सचिव ताईंचंच. सगळ्या जणी त्यांच्या दारात जाऊन चुकलं म्हणालो, तेव्हा आल्या. ठराव लिहिला आणि आमच्या मसुद्यातल्या शुद्धलेखनाच्या दोन चुकाही काढल्या.

दुसरा शब्द ‘टाकलेली’. हा आपण सर्रास बोलतो. ‘ती अमक्याची टाकलेली लेक.’ टाकतात ते उष्टं, तुटलेली चप्पल. आणि ज्याने टाकलं त्याला नाव काय? काहीच नाही. म्हणून ‘एकल महिला’ हा शब्द आला. चांगला आहे, आम्ही वापरतो. पण आमच्या गटातल्या एकीला तो पटत नाही. “एकल कशी? सासू माझ्याजवळ राहते, दोन पोरं हायती, तीन शेळ्या हायती.” नवरा गेला, सासू राहिली. तिला काय म्हणायचं? आम्ही विचारलं, तर म्हणाली, “शेळीवाली म्हणा की.” आता तिला तेच म्हणतो.

एक मात्र ध्यानात ठेवा. संजय गांधी निराधार योजनेच्या अर्जावर विधवा, परित्यक्ता हेच शब्द आहेत. लाडकी बहीण योजनेच्या नियमांतही तेच. तिथे लाजून रकाना मोकळा सोडलात तर पैसे अडकतात. कागदाचा शब्द कागदावर लिहा आणि हक्काचं घ्या. तो चावडीवरून हाक मारायला वापरू नका, इतकंच.

आणि ती एक शिवी. रेडिओवर आम्ही ती उच्चारणार नाही, तुम्हाला ठाऊक आहे. तिचा जुना अर्थ नवरा मेलेली बाई. पोरगं दूध सांडतं, म्हैस दावं तोडते आणि आपल्याच तोंडून ती जाते. आमच्यातल्या एकीच्या तोंडून ती भर बैठकीत, ताईंच्या शेजारी बसून गेली. ठरावानंतर.

कागद बदलला की जीभ लगेच वळते असं नाही. डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने वस्त्यांची जातीवाचक नावं काढून समतानगर, भीमनगर अशी नावं द्यायचं ठरवलं. आमच्याकडे पाटी बदलली, पण गिरणीत पिठाचा डबा कुणाचा हे सांगताना जुनंच नाव निघतं. आमच्या हजेरीवहीतही पत्त्याच्या रकान्यात तेच होतं. ते आम्ही याच ठरावाबरोबर खोडलं, उशिराच.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव केला, की नवरा वारल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र, जोडवी काढायची नाहीत. त्याच महिन्यात सरकारने बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. तो ठराव आम्ही बैठकीत वाचून दाखवला. मग पुढच्या संक्रांतीला पत्रिकेत ‘सुवासिनींनी’च्या जागी ‘गावातील सर्व महिलांनी’ असं छापलं. एवढ्या तीन शब्दांनी किती बाया आल्या? सचिव ताई धरून चौघी. त्यातल्या दोघी दाराशीच उभ्या राहिल्या. एकीने वाण घेतलं, कुंकवाला कपाळ मागे घेतलं. आम्ही जबरदस्ती केली नाही. उलट नेहमीच्या पाच-सहा जणी मुद्दाम आल्या नाहीत, त्यांची वाणाची गाळणी घरपोच दिली. दोघींनी परत पाठवली.

मागच्या वर्षी दाराशी उभ्या राहिलेल्या दोघी सतरंजीवर बसल्या. काठीवाल्या आजीही आल्या होत्या. त्यांनी कुंकवाचा करंडा घेतला, ओळीने लावत गेल्या आणि ताईंपाशी आल्यावर थांबल्या. मग विचारलं, “लावू का?” ताई म्हणाल्या, “हळद लावा.” आजींनी हळद लावली आणि पुढे सरकल्या.

यंदाची पत्रिका गेल्या आठवड्यात तपासायला आली. आम्ही नुसती नावं दिली होती, छापखान्यातल्या पोराने आपल्या मनाने सगळ्यांना सौ. लावून टाकलं. आमच्या हिशोबाचं काम बघणाऱ्या एकोणीस वर्षांच्या मुलीलाही! सचिव ताईंनी लाल पेनाने एकेक सौ. खोडला आणि यष्टीने स्वतः तालुक्याला जाऊन त्या पोरापुढे बसून दुरुस्ती करून घेतली. काल पत्रिका हातात आल्या. नावाआधी कुठेच काही नाही. फक्त ताईंच्या नावातली वेलांटी चुकली आहे, आणि त्या कालपासून त्या पोराच्या नावाने बोटं मोडताहेत.