आयर्लंडचा डिंगल किनारा : गावे, सागर आणि भाषा

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत आम्ही एखाद्या प्रवासाविषयी बोलावे, अशी कार्यकारिणीची इच्छा होती. लंडन-पॅरिसची वर्णने आपण पुष्कळ ऐकली आहेत. म्हणून आज आपणांस युरोपच्या पार पश्चिम कडेला नेण्याचा विचार आहे. आयर्लंडच्या नैर्ऋत्येस केरी नावाचा परगणा आहे. त्यातून सुमारे ५० किलोमीटर लांबीची डोंगराळ भूमी अटलांटिक महासागरात शिरली आहे. तेच डिंगल द्वीपकल्प. आयरिश भाषेत त्यास कॉर्का गीना म्हणतात. गेल्या उन्हाळ्यात आम्ही उभयतांनी तेथे आठ दिवस काढले.

ट्रली या शहरातून निघालेला रस्ता डोंगर ओलांडून दक्षिण किनाऱ्यास लागतो. तेथे इंच नावाची पुळण सरळ समुद्रात पाच किलोमीटर गेलेली आहे. ओहोटीच्या वेळी तिच्यावर चालत निघावे, तर माणूस दूरवर ठिपक्याएवढा दिसू लागतो. पावसाचे अप्रूप कोकणातल्या माणसास नसते. पण येथला पाऊस निराळा. एका तासात ऊन, धुके आणि सर हे तिन्ही ऋतू भेटून जातात. वाटेच्या दोहो बाजूंच्या कुंपणांवर लाल, लोंबती फुले लागलेली असतात. हे फुशियाचे झाड मूळचे दक्षिण अमेरिकेतले. पण आयरिश माणसाने त्या फुलास ‘देवाचे अश्रू’ असे नाव दिले आणि ते आपलेसे करून टाकले. परक्या मातीतले झाडही भाषेने बोलाविले म्हणजे घरचे होते, हे प्रथम तेथे आमच्या मनात आले.

पुढे ॲनास्कॉल हे लहानसे गाव लागते. टॉम क्रीन हा येथला शेतकऱ्याचा मुलगा. स्कॉट आणि शॅकल्टन यांच्याबरोबर तो तीन वेळा दक्षिण ध्रुव प्रदेशात गेला. १९१२ साली आजारी सहकाऱ्याचे प्राण वाचविण्यासाठी त्याने बर्फावरून ३५ मैलांची वाट एकट्याने तुडविली. नंतर गावी परतून त्याने एक मद्यगृह चालविले, त्याचे नाव ‘साउथ पोल इन’. ते आजही आहे. एवढा प्रवास करून अखेर आपल्या ओढ्याकाठी येऊन बसणारा हा माणूस आम्हां परगावी नोकरी करणाऱ्यांस विशेष जवळचा वाटला.

डिंगल हे या भूमीचे मुख्य गाव आणि मासेमारीचे बंदर. रंगविलेली घरे, धक्क्यावर जाळी, संध्याकाळी दारादारांतून ऐकू येणारे व्हायोलिन. १९८३ पासून २०२० पर्यंत या बंदरात एक एकटा डॉल्फिन राहत होता. फंगी हे त्याचे नाव. त्याला पाहण्यासाठी लोक देशोदेशींहून येत. परंतु आम्हांस या गावाची दुसरी एक हकीकत अधिक उद्बोधक वाटली.

द्वीपकल्पाचा पश्चिम भाग ‘गेल्टाख्त’ म्हणून ओळखला जातो. म्हणजे आयरिश भाषा जेथे अजून नित्य व्यवहारात आहे असा प्रदेश. १९३७ च्या राज्यघटनेने आयरिश ही देशाची पहिली अधिकृत भाषा ठरविली आहे. तथापि बहुसंख्य आयरिश लोकांच्या घरात आज इंग्रजीच बोलली जाते. २००५ साली शासकीय आदेश अमलात आला, की गेल्टाख्तमधील स्थलनामे केवळ आयरिशमध्येच असावीत. ‘डिंगल’ हे नाव पाट्यांवरून गेले आणि ‘अन डँगन’ आले. गावकरी नाराज झाले. येणाऱ्या प्रवाशास आपले गाव सापडणार कसे, हा त्यांचा प्रश्न होता. २००६ मध्ये मतदान होऊन प्रचंड बहुमताने दोन्ही नावे मागण्यात आली, आणि २०११ मध्ये कायद्याने ती मान्य झाली. आता तेथे ‘डिंगल’ आणि ‘डँगन ई खूश’ ही नावे शेजारी शेजारी नांदतात. परिपत्रके काढण्यात आणि पाळण्यात आमचे आयुष्य गेले. म्हणून अधिकाराने सांगतो, की आदेशाने पाटी बदलते, जीभ बदलत नाही.

डिंगलहून पश्चिमेस निघून पुन्हा डिंगललाच येणारा एक वळसा आहे. तो घड्याळाच्या काट्याच्या दिशेने करावा, असे सांगतात. रस्ता इतका अरुंद, की समोरून बस आली तर कोणी तरी मागे सरावे लागते. एका अंगास डोंगर, दुसऱ्या अंगास खोल समुद्र. उतारावर चुन्याशिवाय रचलेल्या दगडी घुमटीवजा झोपड्या आहेत. कड्यावरच्या डनबेग या प्राचीन दुर्गाचा काही भाग लाटांनी गिळला आहे. स्ले हेडचे वळण घेतले, की एकाएकी ब्लास्केट बेटे समोर उभी राहतात.

त्यांतील मोठे बेट डनक्विन गावापासून जेमतेम दोन किलोमीटरांवर आहे. डनक्विनचा धक्का कड्याच्या तळाशी असून नागमोडी पायवाटेने खाली उतरावे लागते. उन्हाळ्यात, समुद्र शांत असेल तरच, होडी जाते. आम्हांस तिसऱ्या दिवशी जाता आले. वर गवत, मेंढ्या आणि छपरे गेलेली दगडी घरे. एके काळी येथे दीडशेहून अधिक माणसे राहत. लाकडी सांगाड्यावर डांबरी कापड ताणलेल्या होड्यांतून ती मासे धरीत. तरुण पिढी अमेरिकेस जाऊ लागली. त्यांतले पुष्कळ स्प्रिंगफील्ड या एकाच शहरात स्थिरावले. १९४७ च्या आरंभी एक तरुण आजारी पडला. वादळामुळे वैद्य पोहोचू शकला नाही, आणि तो दगावला. त्याच वर्षी अन्न संपल्याची तार बेटावरून पंतप्रधान डी व्हॅलेरा यांस गेली. अखेर १९५३ साली उरलेल्या मूठभर रहिवाशांस शासनाने मुख्य भूमीवर हलविले.

बेट ओसाड झाले, पण मुके झाले नाही. १९०७ साली मार्स्ट्रँडर हे नॉर्वेचे भाषापंडित येथे आयरिश शिकण्यासाठी आले. त्यांचे गुरू तोमास ओ क्रोहन हे कोळी-शेतकरी होते. पुढे त्याच तोमासने आपले आयुष्य लिहिले. ते पुस्तक १९२९ मध्ये प्रसिद्ध झाले. पेग सेयर्स ही दुसरी थोर कथनकार. तिला शाळेत अक्षरओळख झाली ती इंग्रजीची; मातृभाषा लिहिता येत नव्हती. तिने सांगितले आणि कवी असलेल्या मुलाने लिहून घेतले. १९३६ साली ते आत्मचरित्र छापले गेले. हे ऐकताना आपणां सर्वांस खानदेशच्या बहिणाबाई आठवल्या असतील. तेथेही आई निरक्षर, मुलगा कवी. सोपानदेवांनी ओव्या टिपून ठेवल्या म्हणून १९५२ साली त्या महाराष्ट्रास मिळाल्या. दोन्ही ठिकाणी ऐकणारे कोणी नसते, तर आज काय उरले असते?

डनक्विनच्या लोकांनी हा प्रश्न स्वतःस विचारला असावा. १९७० मध्ये पटसंख्येअभावी शासनाने त्यांची आयरिश शाळा बंद केली. पालकांनी आंदोलन केले, शाळा स्वतः चालविली, आणि १९७३ मध्ये शासनास ती पुन्हा उघडावी लागली. आजही दर उन्हाळ्यात शहरांतली मुले आयरिश शिकण्यासाठी गेल्टाख्तमध्ये येतात आणि गावकऱ्यांच्या घरी उतरतात. सकाळी वर्ग; पण खरे शिक्षण जेवणाच्या टेबलाशी, घरच्या बाईच्या बोलण्यातून.

वळसा पुरा करताना गॅलरसची दगडी प्रार्थनागृह-वास्तू अवश्य पाहावी. पालथ्या होडीच्या आकाराची ही वास्तू चुन्याशिवाय उभी असून शतकानुशतके पावसाचा थेंब आत येऊ देत नाही. दगडावर दगड नेमका बसला, की जोडणारे द्रव्य लागत नाही. जवळूनच ‘संतांचा मार्ग’ ब्रँडन पर्वताच्या पायथ्याशी जातो. ९५२ मीटर उंचीच्या त्या शिखरावर यात्रेकरू अद्याप चढतात. परततानाचा कॉनर घाट मात्र निरभ्र दिवसासाठी राखून ठेवावा. धुक्यात तेथे स्वतःचा हातही दिसत नाही.

मित्रहो, आपल्या मंडळाने पन्नास वर्षांत गणेशोत्सव केला, ग्रंथालय चालविले, नाटके बसविली. पण आपली नातवंडे मराठी समजतात आणि उत्तर दुसऱ्या भाषेत देतात, हे आपण घरोघर पाहतो. त्याचा दोष त्यांचा नव्हे. मंडळाची पहिली पिढी आता मोजकीच उरली आहे. प्रथम या शहरात उतरताना त्यांनी काय पाहिले, कोठे राहिले, काय रांधले, हे त्यांच्या तोंडून, त्यांच्या बोलीत टिपून घ्यावे. आणि ते काम नातवंडांकडेच सोपवावे. टिपून घ्यायचे म्हणजे आधी ऐकावे लागते, आणि ऐकताना विचारावेही लागते. सुवर्णमहोत्सवाच्या वर्षात एवढे जरी झाले, तरी पुढल्या पन्नास वर्षांची तरतूद होईल.