कपाट भाड्याचे, किल्ली आपली

(पुणे परिसरातील लघुउद्योजकांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आजच्या व्याख्यानाचा विषय 'व्यवसायासाठी क्लाउडवरील सामायिक साठवण' असा आहे. तो वाचून आपल्यापैकी अनेकांच्या मनात आले असेल की, हा आपल्या कार्यालयातील संगणक सांभाळणाऱ्या मुलाचा विषय. त्यात आपण काय ऐकायचे? माझी पहिली विनंती हा समज दूर करण्याची आहे. आपल्या उत्पादनांची ड्रॉइंग, वीस-वीस वर्षांचे हिशेब, ग्राहकांशी झालेले करार, कामगारांच्या वेतनाच्या नोंदी हे सारे ज्या कपाटात आहे, ते कपाट कोठे ठेवायचे हा प्रश्न मालकाचा आहे. कपाट हरवले तर त्या मुलाची नोकरी जाईल; आपला कारखाना जाईल आणि त्यावर अवलंबून असलेल्या कुटुंबांची चूलही.

हे मी अधिकारवाणीने सांगत नाही. चूक करून शिकलेला माणूस म्हणून सांगतो आहे.

माझी चूक

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत माझ्या एका मित्राचा छोटा कारखाना आहे. वडिलांनी उभा केलेला. त्यांचा सर्व्हर जिन्याखाली असे आणि प्रत्येक पावसाळ्यात तेथे ओल येई. मी त्याला सांगितले, "हे सर्व क्लाउडवर हलव आणि निर्धास्त हो." त्याने माझ्यावर विश्वास ठेवला. ड्रॉइंगचा सामायिक फोल्डर एका नामांकित सेवेवर गेला. कार्यालय, कारखाना आणि मित्राचे घर अशा तीन ठिकाणी तो एकाच वेळी दिसू लागला. सर्वजण खूष होते.

काही महिन्यांनी एका नव्या कर्मचाऱ्याने प्रामाणिक हेतूने आवराआवर केली. 'जुने' असे नाव असलेला फोल्डर त्याने काढून टाकला. तो तत्क्षणी तिन्ही ठिकाणांहून नाहीसा झाला. काढून टाकलेल्या फायली त्या योजनेत तीस दिवस परत मिळू शकत होत्या. परंतु कोणाच्या लक्षात आलेच नाही. सत्तेचाळिसाव्या दिवशी एका जुन्या ग्राहकाने सुटा भाग मागितला, तेव्हा चार वर्षांचे काम गेल्याचे कळले.

मित्र मला एक शब्दही बोलला नाही. ते अधिक बोचले. तारले ते त्याच्या वडिलांनी. त्यांनी प्रत्येक ड्रॉइंगची कागदी प्रत एका गंजक्या कपाटात जपून ठेवली होती. ते कपाट आम्ही रद्दीत काढण्याच्या बेतात होतो. पुढचे तीन महिने त्या कागदांवरून ड्रॉइंग पुन्हा काढण्यात गेले. वडिलांनी फक्त एवढेच विचारले, "दुसरी प्रत ठेवली नव्हती का रे?"

मित्रहो, माझ्याकडे उत्तर नव्हते. तीन ठिकाणी दिसणारी फाईल म्हणजे तीन प्रती, असे मी मानले होते. ती एकच प्रत होती. तीन खिडक्यांतून दिसत होती एवढेच. सामायिक साठवण आणि बॅकअप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आजच्या व्याख्यानातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य समजा.

काय घेतो आहोत?

आता मूळ विषयाकडे वळू. क्लाउड म्हणजे दुसऱ्याच्या इमारतीत ठेवलेला, आपण भाड्याने घेतलेला संगणक. ती इमारत फार दूर असते असेही नाही. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये भारतात जे विभाग सुरू केले, त्यांपैकी 'सेंट्रल इंडिया' हा विभाग पुण्यातच आहे. अ‍ॅमेझॉनचा मुंबई विभाग २०१६ मध्ये आणि गूगलचा २०१७ मध्ये सुरू झाला.

तेथे जागा तीन प्रकारची मिळते. पहिली, ब्लॉक साठवण : ही साधारणतः एकाच सर्व्हरला जोडलेली, त्याच्या स्वतःच्या टेबलाच्या खणासारखी. दुसरी, ऑब्जेक्ट साठवण : हे गोदाम. पावती दाखवून पूर्ण वस्तू ठेवायची आणि पूर्ण वस्तू काढायची. स्वस्त, परंतु फाईल उघडून मधली एक ओळ बदलण्यासाठी नव्हे. तिसरी, फाईल साठवण : अनेक सर्व्हर आणि अनेक माणसे एकाच वेळी उघडू शकतील असे सामायिक कपाट. आपला विषय या तिसऱ्या प्रकाराचा आहे.

या कपाटाच्या दोन भाषा आहेत. लिनक्स सर्व्हर प्रामुख्याने एनएफएस वापरतात. ही पद्धत सन मायक्रोसिस्टिम्सने १९८० च्या दशकात विकसित केली. विंडोजची भाषा एसएमबी. अ‍ॅमेझॉनची ईएफएस सेवा एनएफएस बोलते आणि ती लिनक्ससाठी आहे. विंडोज सर्व्हरसाठी त्यांची एफएसएक्स ही वेगळी सेवा आहे. मायक्रोसॉफ्टची अझूर फाइल्स मुख्यतः एसएमबीसाठी वापरली जाते. आपले सर्व्हर कोणती भाषा बोलतात, हे पाहिल्याविना दर विचारणे म्हणजे यंत्राचा व्होल्टेज न पाहता मोटार विकत घेणे होय.

आणखी एक व्यावहारिक अडचण. एसएमबी ज्या ४४५ क्रमांकाच्या पोर्टवरून चालते, ते अनेक इंटरनेट पुरवठादार बंद ठेवतात. त्याला कारणही आहे; २०१७ च्या मे महिन्यात जगभर पसरलेला वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस याच मार्गाने शिरला होता. म्हणून कार्यालयातून असे कपाट जोडायचे तर व्हीपीएनची, म्हणजे सुरक्षित खासगी मार्गाची, व्यवस्था आधी करावी लागते. तिचा खर्च मूळ दरपत्रकात बहुधा नसतो.

वेग : आकारमान नव्हे, फेऱ्या मोजा

विक्रेता विचारतो, "माहिती किती जीबी आहे?" आपण विचारावे, "फायली किती आहेत?" कारण प्रत्येक लहान फाईल उघडताना सर्व्हर आणि साठवण यांच्यात अनेक फेऱ्या होतात. समजा, वीस हजार लहान फायली आहेत आणि प्रत्येकीसाठी तीन फेऱ्या लागतात. एकूण साठ हजार फेऱ्या. कार्यालयातल्या जाळ्यात एका फेरीला अर्धा मिलिसेकंद धरला, तर काम तीस सेकंदांत होते. इंटरनेटवरून एका फेरीला दहा मिलिसेकंद लागले, तर त्याच कामाला दहा मिनिटे लागतात. रस्ता कितीही रुंद केला, तरी अंतर कमी होत नाही. म्हणूनच हिशेबाच्या प्रणालीची माहिती दूरच्या कपाटात ठेवून प्रणाली मात्र आपल्या टेबलावरून चालवणे बहुधा फसते. चालवणारा सर्व्हर आणि त्याचे कपाट एकाच जागी असावे.

दुसरा सापळा अधिक फसवा आहे. ईएफएसच्या 'बर्स्टिंग' पद्धतीत मिळणारा कायमस्वरूपी वेग साठवलेल्या माहितीच्या प्रमाणात असतो : एका जीबीमागे सेकंदाला सुमारे ५० केबी. म्हणजे वीस जीबी ठेवणाऱ्याला सेकंदाला जेमतेम एक एमबी. परंतु प्रारंभी जादा वेगाची शिल्लक खात्यात जमा असते, त्यामुळे पहिल्या दिवशीची चाचणी उत्तम होते. शिल्लक संपली की गाडी रेंगाळते आणि तोवर जुना सर्व्हर भंगारात गेलेला असतो. २०२२ पासून वापरानुसार वेग आणि वापरानुसार आकारणी असा पर्यायही तेथे आहे. मात्र मग देयकाकडे लक्ष हवे. तात्पर्य, चाचणी आपल्याच फायलींवर, महिनाअखेरीच्या गर्दीच्या दिवसांत, किमान दोन आठवडे घ्यावी.

खर्चाचेही तसेच. साठवणुकीचे भाडे हा एक भाग झाला. वाचन-लेखनाची आकारणी, प्रतींचे भाडे आणि माहिती बाहेर काढण्याचे शुल्क हे इतर भाग. कायमचे सोडून जाणाऱ्या ग्राहकाला बाहेर काढण्याचे शुल्क माफ करण्याचे धोरण गूगल, अ‍ॅमेझॉन आणि मायक्रोसॉफ्ट यांनी २०२४ मध्ये जाहीर केले. रोजच्या वाहतुकीला ती माफी लागू नाही. आत येण्याचे दार मोफत असते, तेव्हा बाहेर जाण्याच्या दाराची पाटी आधी वाचावी.

तीन घटना, तीन धडे

२६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियातील देजॉन येथील सरकारी माहिती केंद्राला आग लागली. लिथियम बॅटरी हलवण्याचे काम सुरू असताना ती भडकली. ९६ प्रणाली प्रत्यक्ष जळाल्या. त्यांत 'जी-ड्राइव्ह' होती : सरकारी कर्मचाऱ्यांची कामाची कागदपत्रे ठेवण्याची सामायिक साठवण. तीमधील ८५८ टीबी माहिती गेली, कारण तिची दुसरीकडे प्रत नव्हती. तंत्रज्ञानात एवढा पुढारलेला देश, परंतु माझ्या मित्राच्या वडिलांचा प्रश्न तेथेही कोणी वेळेवर विचारला नाही.

दुसरी घटना ऑस्ट्रेलियाची. २०२४ च्या मे महिन्यात युनिसुपर या निवृत्तिवेतन निधीचा गूगल क्लाउडवरील एक खासगी क्लाउड, कंपनीकडूनच झालेल्या एका चुकीच्या जुळणीमुळे, नष्ट झाला.  सहा लाखांहून अधिक सभासदांचा तो निधी सावरला, याचे एक मोठे कारण म्हणजे त्यांनी आणखी एका वेगळ्या पुरवठादाराकडेही बॅकअप ठेवला होता.

तिसरी घटना आपल्या देशातील. २०२५ च्या जुलैमध्ये युरोपीय संघाने नायरा एनर्जी या तेलशुद्धीकरण कंपनीवर निर्बंध लादले. त्यानंतर मायक्रोसॉफ्टने तिच्या सेवा थांबवल्या. पैसे भरलेले होते, कंपनी भारतात नोंदलेली होती, भारतातील कोणत्याही न्यायालयाचा तसा आदेश नव्हता. नायराने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली आणि काही दिवसांत सेवा पूर्ववत झाल्या. परंतु दूरच्या राजधानीतील निर्णयाने आपल्या कार्यालयाचे दार बंद होऊ शकते, हे देशाने पाहिले. शिवाय २०१८ च्या एका अमेरिकी कायद्यानुसार, अमेरिकी कंपनीच्या ताब्यातील माहिती ती जगात कोठेही साठवलेली असली तरी, तेथील यंत्रणा कायदेशीर आदेशाने मागू शकतात. सर्व्हर पुण्यात असणे आणि माहिती आपल्या ताब्यात असणे या एकच गोष्टी नव्हेत.

यावर परकीय सेवा नकोच, असा टोकाचा निष्कर्ष मी काढणार नाही. जिन्याखालची ओल खरी होती आणि २६ जुलै २००५ ला मुंबईत किती तळमजले बुडाले ते आपण पाहिले आहे. मोठ्या केंद्रांची वीज, शीतकरण आणि पहारा आपल्याला एकट्याला परवडणारा नाही. कपाट भाड्याने अवश्य घ्यावे. परंतु संवेदनशील माहिती कुलूपबंद, म्हणजे सांकेतिक स्वरूपात ठेवावी, तिची किल्ली आपल्याकडे असावी आणि एक पूर्ण प्रत आपल्या हाताखाली असावी.

कायदा काय सांगतो?

कायद्यानेही ही जबाबदारी आपल्याच खांद्यावर ठेवली आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार, कंपनीच्या इलेक्ट्रॉनिक हिशेबपुस्तकांचा बॅकअप दररोज भारतात प्रत्यक्ष असलेल्या सर्व्हरवर ठेवणे बंधनकारक आहे. सेवा घेताना विभाग निवडण्याची जी यादी समोर येते, तिच्यात घाईने भलताच देश निवडला गेला तर उत्तर आपल्याला द्यावे लागेल. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा, ज्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि जो टप्प्याटप्प्याने लागू होत आहे, तोही हेच सांगतो : काम दुसऱ्याकडे सोपवले म्हणून दायित्व सोपवले जात नाही.

शेवटी

उद्या सकाळी कार्यालयात गेल्यावर पाच प्रश्न विचारा. आपल्या फायली किती आणि त्या एकाच वेळी कोण कोण उघडतो? काढून टाकलेली फाईल किती दिवस परत मिळते? दुसरी प्रत वेगळ्या इमारतीत आणि वेगळ्या पुरवठादाराकडे किंवा आपल्याजवळ आहे का? सेवा उद्या बंद झाली, तर परवा काम कसे चालेल? आणि पाचवा सर्वांत महत्त्वाचा : त्या प्रतीवरून प्रत्यक्ष फाईल परत काढून शेवटची केव्हा पाहिली? न तपासलेला बॅकअप ही केवळ आशा असते.

माझ्या मित्राच्या कारखान्यात आता दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी कोणतीही एक जुनी ड्रॉइंग दुसऱ्या प्रतीवरून काढून छापतात. फोल्डर पुसणारा तो कर्मचारी आजही तेथे आहे आणि हे काम त्याच्याचकडे सोपवले आहे. ते गंजके कपाट रंगवून दर्शनी भागात ठेवले आहे. काका आज हयात नाहीत. परंतु छापलेला कागद त्याच कपाटात जातो.

जागा भाड्याने मिळते, यंत्रे भाड्याने मिळतात, कुशल माणसेही मिळतात. काळजी मात्र भाड्याने मिळत नाही. ती ज्याची त्यालाच करावी लागते.