जुम्म्याला पिंप घासू या

डेंग्यू पसरवणारा एडिस डास गटारात वाढत नाही. त्याला साठवलेलं स्वच्छ पाणी लागतं. पिंप, कूलर, कुंडीखालची ताटली, अंगणातलं टायर. अंड्यापासून डास व्हायला साधारण ८ ते १० दिवस लागतात. म्हणून दर जुम्म्याला भांडी रिकामी करा, पाणी झाडांना घाला आणि आतून घासा. कडेला चिकटलेली अंडी कोरडी पडूनही कित्येक महिने टिकतात.

हा डास फार लांब उडत नाही. आपल्या पिंपातला डास शेजाऱ्याच्या मुलाला चावतो. शेजाऱ्याचा हक्क इथंही आहे. श्रीपूरला कारखान्याच्या हंगामात कोप्यांत राहणारे ऊसतोड कामगारही आपले शेजारीच. येत्या जुम्म्याला मशिदीचा हौद घासू, मग पिंपांची झाकणं घेऊन कोप्यांकडे जाऊ.